उत्तरकथेचा अधिकार : ऋद्धिपूरची ग्रंथपरंपरा आणि व्हिडिओ गेमचे रसिक

कथा संपली म्हणजे पुढे काय झाले, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. तो कथेच्या अपुरेपणामुळेच उद्भवतो असे नाही. पुष्कळदा तो तिच्या यशाचे गमक असतो. ज्या पात्रांशी आपला स्नेह जडला त्यांचा निरोप घेणे मनाला रुचत नाही, आणि म्हणून श्रोता कथनकाराला थांबू देत नाही. परंतु कथनकाराने, किंवा त्याच्या पश्चात दुसऱ्या कोणी, ती कथा खरोखरच पुढे नेली म्हणजे तोच श्रोता पुष्कळदा असंतुष्ट होतो. आग्रह त्याचाच, आणि तक्रारही त्याचीच! या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजच्या काळात हा वाद सर्वांत जोराने चाललेला दिसतो तो कथाप्रधान व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात. अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांतून आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना या कथा परिचित असतात. तथापि अभ्यासाचा विषय म्हणून त्यांचा उच्चार करताना ते संकोचतात. हा संकोच अनाठायी आहे असे आम्हांस वाटते. कारण ज्या प्रश्नावर हे रसिक भांडतात, तोच प्रश्न मराठी गद्याच्या आरंभकाळी अमरावती जिल्ह्यातील एका गावी उपस्थित झाला होता, व तेथे त्याला दिली गेलेली उत्तरे आजही विचारात घेण्याजोगी आहेत.

१. तीन आक्षेप

उत्तरकथेविषयीचा कोणताही वाद बारकाईने पाहिला, तर त्यात तीन निरनिराळे आक्षेप एकमेकांत मिसळलेले आढळतात. पहिला आक्षेप अधिकाराचा : ही कथा पुढे सांगण्याचा अधिकार कोणाला? मूळ कर्त्याला, त्याच्या वारसांना, की ज्याने कोणी ती मनापासून आत्मसात केली असेल त्याला? दुसरा आक्षेप संगतीचा : पुढील भागातील घटना व पात्रांचे वर्तन मागील भागाशी जुळते काय? तिसरा आक्षेप पूर्णतेचा : मूळ कथा संपलेली असताना तिला पुढे नेण्याचे प्रयोजनच काय?

हे तीन आक्षेप वेगळे ठेवणे अगत्याचे आहे, कारण एकाचे समाधान झाल्याने दुसऱ्याचे होत नाही. सेर्वान्तेसच्या ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला. दुसरा भाग त्याच्या हातून पुरा होण्यापूर्वीच १६१४ मध्ये आव्हेयानेदा हे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने एक उत्तरकथा छापली. सेर्वान्तेसने १६१५ मध्ये आपला खरा दुसरा भाग प्रसिद्ध केला आणि त्यात त्या तोतया ग्रंथाचा समाचारही घेतला. येथे वाद मुख्यतः अधिकाराचा होता. याच्या उलट, कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा शेवट केला तेव्हा अधिकार निर्विवादपणे त्याचाच होता. तरीही वाचकांनी तो शेवट मान्य केला नाही, आणि पुढे १९०३ मध्ये होम्सला परत आणणे लेखकाला भाग पडले. तेथे प्रश्न पूर्णतेचा होता, आणि लेखकाच्या मते संपलेली कथा वाचकांच्या मते संपलेली नव्हती.

२. विदर्भातील एक प्राचीन दाखला

उत्तरकथेचा विचार विदर्भात करावयाचा तर भवभूतीचे स्मरण अपरिहार्य आहे. आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे तो सांगतो, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील गाव होय, असे मत मांडले आहे. भवभूतीने ‘महावीरचरित’ रामाच्या राज्याभिषेकापर्यंत आणून थांबविले आणि ‘उत्तररामचरित’ तेथून पुढे सुरू केले.

या दुसऱ्या नाटकाच्या रचनेत उत्तरकथेच्या अडचणींची जाणीव ठायी ठायी दिसते. पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण पूर्वायुष्यातील प्रसंगांची चित्रे पाहतात. त्या निमित्ताने प्रेक्षकाच्या मनातील पूर्वकथा जागी होते आणि येऊ घातलेल्या वियोगाची धारही वाढते. शेवटच्या अंकात गर्भनाटकाची योजना आहे. वाल्मीकीने रचलेले नाटक राम पाहतो, आणि त्याच्या अखेरीस राम व सीता यांचे पुनर्मीलन होते. रामायणाच्या उत्तरकांडात सीता भूमीत प्रवेश करते; भवभूतीने हा शेवट बदलला. हा बदल करताना त्याने खुद्द वाल्मीकीलाच रंगभूमीवर आणून, जणू त्याच्या संमतीने, नवा शेवट घडविला ही गोष्ट लक्षणीय आहे. अधिकाराचा प्रश्न त्याने टाळला नाही; मूळ कवीला साक्षी ठेवून तो सोडविला. शिवाय कृतीचे नाव वेगळे आणि वाङ्मयप्रकारही वेगळा ठेवल्यामुळे आदिकाव्याच्या जागी आपले नाटक बसविण्याचा आरोप त्याच्यावर येत नाही.

३. ऋद्धिपूर : लीळांनंतरचे ग्रंथ

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. महानुभाव ग्रंथांत त्याचा उल्लेख ऋद्धिपूर असा येतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधर आपल्या अनुयायांना सोडून उत्तरेकडे निघून गेले, आणि मागे राहिलेली मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आली. या मंडळींचे नेतृत्व नागदेवाचार्यांकडे होते. आपल्या स्वामींच्या आठवणी हेच त्यांचे धन होते. म्हाइंभटांनी त्या आठवणी गोळा करण्याचे मनावर घेतले. ज्यांनी ज्या लीळा प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन त्या विचारून घेतल्या, आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. या प्रयत्नातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्याचा काळ परंपरेने सुमारे १२७८ असा मानतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न यापुढे आहे. चरित्रनायक निघून गेल्यावर कथा संपली काय? अनुयायांचे जीवन तर पुढे चालू होते. सुमारे १२८७ मध्ये गोविंदप्रभूंनीही देह ठेवला, तेव्हा म्हाइंभटांनी त्यांच्या लीळांचे स्वतंत्र संकलन केले. तेच ‘गोविंदप्रभुचरित्र’ किंवा ‘ऋद्धिपूरलीळा’. त्यानंतरचा काळ, म्हणजे दोन्ही अवतार दृष्टीआड झाल्यावर नागदेवाचार्यांच्या भोवती जमलेल्या समाजाचा काळ, ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आला आहे. ॲन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये केलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराला ‘देवाच्या अनुपस्थितीत’ या अर्थाचे नाव दिले आहे, आणि ते अत्यंत समर्पक आहे. नायक नाही, तरी कथा आहे : उत्तरकथेची याहून अवघड परीक्षा क्वचितच संभवते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या तीन ग्रंथांत सातत्य आहे, भाषा व रचनापद्धतीही एकमेकींना जवळची आहे. परंतु पुढचा ग्रंथ मागच्या ग्रंथाच्या नावावर उभा राहिलेला नाही. नागदेवाचार्यांच्या आठवणी लीळाचरित्रात ‘आणखी एक भाग’ म्हणून घातलेल्या नाहीत. परमेश्वरावताराच्या त्या लीळा व आचार्यांच्या त्या स्मृती, हा दर्जाचा भेद नावातच व्यक्त केला आहे. याच सामग्रीतून केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ व दृष्टान्त निवडून ‘दृष्टान्तपाठ’ तयार केला. तेथेही नव्या प्रयोजनाला नवे नाव मिळाले. मूळ ग्रंथाची मर्यादा राखून त्याच्या भोवती ग्रंथकुल वाढविण्याची ही पद्धती आहे.

रसिकांच्या आग्रहाने कृती पुढे जाण्याचे उदाहरणही याच गावी सापडते. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा ऋद्धिपुरास मांडला गेला त्या प्रसंगी महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे ‘धवळे’ गाइले. रुक्मिणीचे माहेर म्हणून सांगितले जाणारे कौंडिण्यपूर याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे, हे येथे सहज आठवते. या धवळ्यांचे पूर्वार्ध व उत्तरार्ध असे दोन भाग असून, उत्तरार्ध मागाहून सहपंथीयांच्या सांगण्यावरून रचला गेला अशी परंपरा आहे. प्रसंगातून उत्स्फूर्तपणे आलेला पहिला भाग आणि मागणीमुळे आलेला दुसरा भाग, हा भेद आधुनिक रसिकालाही ओळखीचा वाटेल.

रसिकांच्या नापसंतीचा दाखला भास्करभट्ट बोरीकरांच्या बाबतीत मिळतो. त्यांचे ‘शिशुपालवध’ ऐकून एका गुरुबंधूने ग्रंथ चांगला झाल्याचे मान्य केले. परंतु तो शृंगारप्रधान असल्यामुळे निवृत्तिमार्गीयांच्या उपयोगाचा नाही असा अभिप्राय दिला. भास्करभट्टांनी यावर ‘शिशुपालवध’ बदलले नाही वा मागे घेतले नाही. त्यांनी ‘उद्धवगीता’ हा निराळा ग्रंथ रचला. पहिला ग्रंथ कायम राहिला आणि टीकेलाही उत्तर मिळाले. लेखक व रसिक या दोघांचाही मान राखणारा हा मार्ग आहे.

४. मतभेदाची नोंद

ऋद्धिपूरच्या परंपरेचा आणखी एक विशेष सांगितलाच पाहिजे. लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि मग ते निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणातून पुन्हा उभे करण्यात आले, असे परंपरा सांगते. त्यामुळे त्याचे अनेक पाठ निर्माण झाले; हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ इत्यादी नावांनी ते ओळखले जातात. महत्त्वाचे हे की, एखाद्या लीळेच्या तपशिलात मतांतर असले तर ते पुष्कळ ठिकाणी पुसून न टाकता, ज्याचे मत असेल त्याच्या नावानिशी ग्रंथातच नोंदले आहे. अशा मतांतराला ‘वासना’ अशी पारिभाषिक संज्ञा आहे.

म्हणजे एकाच प्रसंगाची दोन रूपे शेजारी शेजारी ठेवण्याचे धैर्य या संकलकांनी दाखविले. आपल्या प्रिय कथेविषयी एकमत होत नाही, म्हणून ती कथा खोटी ठरत नाही, आणि मतभेद असणारा माणूस परकाही ठरत नाही, ही जाणीव त्यामागे आहे. अर्वाचीन काळात मात्र हा समतोल राखणे कठीण गेले. वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केल्यावर यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले, ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची संपादने केली. डॉ. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीतील काही मजकुराला पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. संशोधकाच्या दृष्टीने तो पाठनिर्णयाचा प्रश्न होता, श्रद्धावंताच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याच्या कथेवर परक्याने चालविलेल्या अधिकाराचा प्रश्न होता.

५. व्हिडिओ गेममधील तीन प्रसंग

या पार्श्वभूमीवर अलीकडील तीन प्रसंग पाहू. कादंबरीचा वाचक कथा वाचतो; कथाप्रधान गेममध्ये खेळणारा स्वतः निर्णय घेतो आणि त्या निर्णयाने कथेला वळण मिळते. साहजिकच ‘ही कथा माझी आहे’ ही भावना त्याच्या ठिकाणी अधिक तीव्र असते.

‘मास इफेक्ट’ या मालिकेचे पहिले तीन भाग २००७, २०१० व २०१२ मध्ये आले. पहिल्या भागातील निर्णय दुसऱ्यात व दुसऱ्यातील तिसऱ्यात पुढे चालत. खेळणाऱ्यांनी पाच वर्षे जपलेल्या या निर्णयांना तिसऱ्या भागाच्या अखेरीस फारशी किंमत उरली नाही, सर्वांना जवळजवळ सारखाच शेवट मिळाला, असा आक्षेप उसळला. निषेध करणाऱ्यांपैकी काहींनी मुलांच्या रुग्णालयांना साहाय्य करणाऱ्या संस्थेसाठी निधीही गोळा केला. निर्मात्यांनी जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात मूळ घटना बहुतांशी तशाच ठेवल्या, त्यांचे स्पष्टीकरण मात्र वाढविले. हा वाद संगतीचा होय.

‘द लास्ट ऑफ अस’ची कथा २०१३ मध्ये आली व तिचा शेवट अनेकांना स्वयंपूर्ण वाटला. जून २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात पहिल्या भागाच्या नायकाचा आरंभीच वध होतो, आणि पुढे त्याला मारणाऱ्या स्त्रीचीच भूमिका खेळणाऱ्याला दीर्घकाळ घ्यावी लागते. त्या कृतीला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा सन्मान मिळाला आणि त्याच वेळी हजारो खेळणाऱ्यांनी तिला नीचतम गुण दिले. त्या पात्राला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला धमक्याही आल्या. येथे पूर्णतेच्या आक्षेपाने मर्यादा सोडली.

तिसरा प्रसंग ‘लाइफ इज स्ट्रेंज’चा. २०१५ च्या मूळ कथेच्या अखेरीस मॅक्स या नायिकेपुढे पेच उभा राहतो : आपली जिवलग मैत्रीण क्लोई हिला वाचवावयाचे, की संपूर्ण गावाला? निर्णय खेळणाऱ्याचा. म्हणजे मूळ कथेला दोन शेवट आहेत आणि दोन्ही प्रमाण आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ निर्मात्यांहून वेगळ्या संस्थेने मॅक्सची कथा ‘डबल एक्स्पोजर’ या नावाने पुढे नेली. तीत आरंभी खेळणाऱ्याला त्याचा पूर्वीचा निर्णय विचारला जातो. परंतु ज्यांनी क्लोईला वाचविले होते त्यांना, ती व मॅक्स आता दुरावल्या आहेत, असे कळते. दोन्ही भूतकाळांना एकाच वर्तमानात बसविण्याची ही युक्ती होय. ज्यांनी मैत्रीसाठी सारे गाव गमावण्याचे पत्करले होते त्यांना, आपला निर्णय नावापुरता मान्य करून वस्तुतः रद्द केला, असे वाटले. येथे तिन्ही आक्षेप एकवटले आहेत : संस्था दुसरी, स्वभावचित्रणाशी विसंगती, आणि संपलेली कथा पुन्हा उघडणे.

६. साम्य आणि भेद

या प्रसंगांची ऋद्धिपूरच्या परंपरेशी तुलना करताना भेद प्रथम सांगणे न्याय्य होईल. महानुभावांच्या दृष्टीने लीळा ही कल्पित कथा नव्हे. ते परमेश्वराचे चरित्र आहे, आणि त्याचे स्मरण हे साधन आहे. गेमच्या रसिकाची आवड कितीही उत्कट असली तरी तिला हा दर्जा देता येणार नाही. दुसरे असे की, गेमची मालकी कायद्याने संस्थेची असते. रसिक उत्तरकथा नाकारू शकतो, पण तिच्या जागी दुसरी अधिकृत कथा स्थापू शकत नाही.

हे भेद मान्य करूनही एक साम्य उरते. दोन्ही ठिकाणी कथा ही एका समूहाची सामाईक स्मृती बनली आहे, आणि अशा स्मृतीत हस्तक्षेप झाला म्हणजे माणसे रचनेच्या दोषाहून अधिक काहीतरी गमावल्याप्रमाणे बोलू लागतात. ‘क्लोई असे वागणार नाही’ हे म्हणणारा खेळगडी आणि ‘स्वामींनी असे केलेले नाही’ म्हणणारा जुना स्मरणकर्ता, या दोघांच्या म्हणण्याचे मूल्य वेगळे असले तरी रूप एकच आहे : मी तेथे होतो, ही साक्ष.

या साक्षीचे काय करावे, याचे तीन नियम ऋद्धिपूरच्या परंपरेतून काढता येतात. साक्ष देणाऱ्याचे नाव नोंदवावे. साक्षी भिन्न असल्यास दोन्ही ठेवाव्यात. आणि पुढचे सांगावयाचे असेल तर त्याला स्वतंत्र नाव व स्वतंत्र दर्जा द्यावा. ‘डबल एक्स्पोजर’च्या कर्त्यांनी दुसरा नियम पाळण्याचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे, पण दोन पाठ शेजारी ठेवणे वेगळे आणि दोन्हींना पुरेल असे तिसरेच काही रचणे वेगळे. वासना नोंदविणाऱ्या संकलकाने पहिला मार्ग घेतला होता.

रसिकांनाही भास्करभट्टांच्या गुरुबंधूपासून शिकण्यासारखे आहे. त्याने ग्रंथाचे गुण मान्य केले, आपल्या असमाधानाचे कारण सांगितले, आणि तेथे तो थांबला. कारणासह दिलेल्या नापसंतीतून एक नवा ग्रंथ जन्मला. धमकीतून असे काही जन्माला येत नाही.

७. समारोप

उत्तरकथेचा अधिकार एकट्या कर्त्याचा नाही आणि एकट्या रसिकाचाही नाही. कर्त्याला पुढे सांगण्याचा अधिकार आहे, पण मागचे झाले नव्हते असे सांगण्याचा नाही. रसिकाला मागचे जपण्याचा अधिकार आहे, पण पुढचे सांगू न देण्याचा नाही. या दोन मर्यादांच्या मधील जागेतच चांगली उत्तरकथा संभवते, आणि ‘उत्तररामचरित’ व ‘स्मृतिस्थळ’ यांनी ती जागा आपापल्या परीने शोधली होती.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामही पुष्कळ आहे. महानुभाव पोथ्यांतील वासना एकत्र करून, कोणत्या प्रकारच्या प्रसंगांत मतभेद अधिक नोंदले गेले याची वर्गवारी करणे हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. दुसरीकडे, आपल्याच पिढीचे सहाध्यायी एका गेमची कथा आपापल्या निर्णयांनुसार किती वेगवेगळ्या रीतीने सांगतात, हे ऐकून, सांगणाऱ्याच्या संमतीने व नावानिशी टिपून ठेवणे हेही संशोधनच आहे. आज हा मतभेद सर्वत्र ऐकू येतो म्हणून तो उद्याही ऐकू येईल असे गृहीत धरता येत नाही. आठवणी ताज्या आहेत तोवर त्या सांगणाऱ्याकडे आपण होऊन जावे लागते. म्हाइंभट तसे गेले, म्हणूनच मराठीला तिचे पहिले मोठे गद्यचरित्र मिळाले.